घोडी शिंकली, आता कुणाला सांगायचं?

पातूर हे काही घोड्यांचं गाव नाही. अकोल्याहून वाशीमकडं जाणाऱ्या महामार्गावरचं तालुक्याचं ठिकाण. डोंगरात कोरलेली लेणी, रेणुकामातेची टेकडी, आणि गाव मागं पडलं की घाट. या भागात घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, गाढव दिसतं ते वीटभट्टीवर, आणि तट्टू दिसतं ते मेंढरांमागं चालणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहताना. पण रस्ता मात्र घोड्यांचा आहे. हाच महामार्ग पुढं हिंगोलीवरून नांदेडला पोचतो. त्या जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोडे-गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेली. उलट्या दिशेला अकोल्यावरून खानदेशात उतरलं की तापीकाठचं सारंगखेडा, तिथं दत्तजयंतीचा घोडेबाजार. दोन्ही यात्रांत अंतर जेमतेम पंधरवड्याचं.

पुढचा संवाद कल्पित आहे. एक वरातीची घोडी बाळगणारे काका, एक सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यक बाई. दोघंही मी रचलेली माणसं. त्यांच्या तोंडचे कायदे, सालं आणि आकडे मात्र रचलेले नाहीत. महिना पौषाचा, म्हणजे लग्नं बंद. माघात पुन्हा वाजंत्री सुरू होईल. काकांनी डॉक्टरांना बोलावलंय ते याच फटीत.

काका: ताई, पयलेच सांगून ठेवतो. तुमाले घोडी दाखवाले बोलावलं, रिपोर्ट कराले नाई.

डॉक्टर: आधी घोडी तर पाहू द्या. नाकातून कधीपासून येतंय?

काका: झाले असतीन आठ-धा दिवस. पयले पान्यावानी होतं, आता दाट झालं. पिवयं. जबड्याखाली गाठ हाय. पन हे काई नवं नाई ना. शिंगराले गाठ येते, पिकते, फुटते, शिंगरू बरं होते. माह्या बापानं पाह्यलं, म्या पाह्यलं.

डॉक्टर: ते तुम्ही म्हणता ते स्ट्रँगल्स. तरुण जनावराला होतो, गाठ पिकून फुटते. ही घोडी शिंगरू नाही काका. गाठ टणक आहे, पिकायचं नाव नाही. आणि ह्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. नाही, थांबा, उघड्या हातानं नको. दोरीत मणी ओवावेत तशा गाठी लागतील. घोडी कुठून आणली?

काका: सारंगखेड्यावरून. दत्तजयंतीले. लाखाच्या वर गेली.

डॉक्टर: सोबत रक्ततपासणीचा कागद होता?

काका: कागद कोन पाह्यते? चाल पाह्यली, भोवरे पाह्यले, दात पाह्यले.

डॉक्टर: मला ग्लँडर्सची शंका आहे.

काका: शंका. म्हंजे तुमाले बी पक्कं नाई.

डॉक्टर: नाही. तो डोळ्यांनी ठरत नाही. रक्ताचा नमुना घ्यायचा, सीरम काढायचं, एलायझा करायची, त्यात आला तर पक्कं करायला दुसरी चाचणी, आणि शेवटचा शब्द हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा. संशयास्पद आला तर पुन्हा रक्त. तोवर ही घोडी वेगळी बांधायची. तोबरा वेगळा, पाण्याचं टोपलं वेगळं, खरारा वेगळा.

काका: हेच तं म्हनून रायलो मी! तुमाले मालूम नाई, मले मालूम नाई, पन गावाले आजच मालूम होईन. हिसारचा कागद येईन तेव्हा येईन. तवर बँडवाला दुसरी घोडी पाहीन ना. अन् कागदावर ‘नाई’ लिहून आलं तरी लोक म्हनतीन, हे तेच रोगाची घोडी. नवरदेव बसीन काय तिच्यावर?

इथं काकांना मध्येच थांबवून मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्यांचं हे म्हणणं आपण अडाण्याची भीती म्हणून सोडून देतो आणि तिथंच चुकतो. प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध आणि नियंत्रण करण्याचा कायदा २००९ सालचा. त्याआधी ग्लँडर्ससाठी १८९९ चा वेगळा कायदा होता, आणि घोड्यांच्या दुसऱ्या एका रोगासाठी, डूरीनसाठी, १९१० चा. हे सगळं एकत्र करून २००९ चा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार जनावराच्या मालकाला किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे अशा कुणालाही, रोग आहे असं मानायला कारण असेल, तर कळवणं बंधनकारक आहे. खात्री हवी असं कायदा म्हणत नाही. इथवर ठीक. पण कळवायचं कुणाला? गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला. तिथून लेखी निरोप जवळच्या पशुवैद्यकाकडं. ज्यानं कुणी हे कलम लिहिलं त्यानं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कधी अर्धा तास काढला नसावा. तिथं सांगितलेली गोष्ट पशुवैद्यकाकडं पोचायच्या आधी बँडवाल्याकडं पोचते.

डॉक्टर: कायद्यात दंडही आहे, काका. न कळवणं गुन्हा आहे.

काका: किती दंड?

डॉक्टर: पहिल्यांदा हजार रुपयांपर्यंत. नाही भरला तर महिनाभरापर्यंत कैद. दुसऱ्यांदा दोन हजार, नाही भरले तर दोन महिन्यांपर्यंत कैद.

काका: (हसतात) मंग हिशोब करा ना ताई. सांगतलं तं घोडी जाते. नाई सांगतलं तं हजार रुपये, ते बी कोनाले समजलं तं. आता तुमीच सांगा, कोन सांगीन?

डॉक्टर: नुकसानभरपाई आहे. घोड्याला पंचवीस हजार, गाढव-खेचराला सोळा हजार.

काका: लाखाच्या घोडीचे पंचवीस हजार. अन् पूरा सीजन जाते त्याचे? झूल, खोगीर, तोबरा जायाले लावता त्याचे? लंपीत पाह्यलं म्या. दोन हजार बावीसात. गायीले तीस, बैलाले पंचवीस, वासराले सोया. माह्या साळ्याची गाय गेली, पैसे भेटले, खोटं नाई बोलत. पन जनावराचा बाजार बंद ठेवला होता त्या महिन्याचं कोनी काई देलं काय? ज्याचं जनावर मेलं त्याले भेटते. ज्याचं काम मेलं त्याले नाई भेटत.

डॉक्टरांकडं याला उत्तर नव्हतं, आणि मला ते त्यांच्या तोंडी घालायचंही नाही. लंपीची ती साथ राज्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात आधी दिसली, आणि थोड्याच दिवसांत अकोल्यासह शेजारचे जिल्हे तिच्या तावडीत सापडले. तेव्हा लोकांनी कळवलं, भरभरून कळवलं. याचं एक कारण भरपाई हे होतंच, पण दुसरं मोठं कारण असं, की सगळ्यांच्याच गोठ्यात गाठी होत्या. एकट्यानं पहिलं सांगण्याचा प्रश्न उरला नव्हता. घोडीवाला मात्र गावात एक किंवा दोनच असतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून साडेतीन लाखही भरली नाहीत. २०१२ च्या मानानं निम्म्याजवळ घट. गाढवं तर साठ टक्क्यांहून जास्त घटली. जितकी जनावरं कमी, तितका प्रत्येक मालक जास्त उघडा.

डॉक्टर: बरं, तुमचा हिशोब मी मान्य केला. आता माझा ऐका. २००६ च्या पावसाळ्यात पुणे आणि पाचगणीत ग्लँडर्स निघाला. पाचगणीला टेबललँडवर पर्यटकांना फिरवणारी घोडी असतात, ती. त्याआधी काही वर्षं देशात रोग जवळपास दिसत नव्हता, लोक विसरले होते. पुढच्या वर्षभरात तो उत्तरेतल्या राज्यांतही निघत गेला. त्या घोड्यांपैकी काही कुणीतरी नाक पुसून, इंजेक्शन मारून, बाजारात विकलीच असतील ना? तुमची घोडी सारंगखेड्याला उभी होती. तिच्या शेजारी कुठली होती? ती आता कुठं आहे? काही व्यापारी तिथून पंधरा दिवसांनी माळेगावला जातात. ग्लँडर्स अंगात कधी कधी महिनोन् महिने दबून बसतो. म्हणजे दोन्ही यात्रा होऊन जातात आणि जनावर धडधाकटच दिसतं.

काका: म्हंजे दोष माहा नाई.

डॉक्टर: दोष कुणाचाच नाही. पण पहिला तुम्हालाच दिसला.

काका: हे लय सोपं बोलनं हाय ताई.

डॉक्टर: असेल. ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगू? तिथं घोड्यांचा इन्फ्लुएंझा नव्हताच. २००७ मध्ये बाहेरून आणलेल्या घोड्यांबरोबर विलगीकरणाच्या तळावर आला, आणि तिथून निसटला. २४ ऑगस्टला सिडनीतल्या एका घोडेतळावर जनावरं खोकताना दिसली, कुणीतरी कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी अख्ख्या देशात घोडा हलवायला बंदी. इतकं चपळ. तरीही उशीर झाला होता, कारण आदल्या आठवड्यात मेटलँड नावाच्या गावी घोड्यांचा मेळावा झाला होता आणि तिथून जनावरं घरोघर गेली होती. शेवटी सुमारे शहात्तर हजार घोडे आजारी पडले. हा सगळा खेळ त्या पाच-सहा दिवसांचा. तुमच्या घोडीचे आठ-दहा दिवस झालेत.

काका: अन् तठी घोडेवाल्याले काय देलं?

डॉक्टर: (थोडं थांबून) दिलं. ज्यांचं काम बुडालं त्यांना सरकारनं अनुदान दिलं. धंदेवाल्यांना, मजुरांनासुद्धा.

काका: पाह्यलं? माहंच म्हननं तुमी सांगून रायल्या.

डॉक्टर: नाही, तुमचं म्हणणं असं होतं की सांगायचंच नाही.

काका: माहं म्हननं असं की सांगनाऱ्याचं पोट भरलेलं पायजे. उपाशी मानूस सांगत नाई. अन् घोडी पोसनारा तं घोडीच्याच पोटावर जगते.

या जागी मला डॉक्टरांच्या बाजूनं एक मोठी गोष्ट मांडायला हवी, कारण काकांचा युक्तिवाद एकाच रोगावर उभा आहे आणि तो रोग आपल्याकडं आहे. जे रोग आपल्याकडं नाहीत, त्यांचं काय? आफ्रिकन हॉर्स सिकनेस हे त्यातलं सर्वांत भयंकर नाव. चिलटांमधून पसरतो, घोड्याच्या डोळ्यांवरचा भाग सुजतो, फुप्फुसात पाणी भरतं, नाकातून फेस येतो, आणि वाईट लाटेत दहातले नऊ घोडे मरतात. १९५९ ते ६१ या काळात मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत त्यानं तीन लाखांहून जास्त घोडे, गाढवं, खेचरं घेतली; भारतात तो १९६० मध्ये आला. पुढं तो इथून गेला, आणि २०१४ मध्ये भारताला या रोगापासून मुक्त असा जागतिक दर्जा मिळाला. पण चिलटं कुठं गेलीत? पातूरच्या नाल्याकाठी ती संध्याकाळी हजर असतात. थायलंडमध्ये हा रोग कधीच नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये अचानक घोडे मरायला लागले, आणि साथ आटोक्यात येईपर्यंत सहाशेच्या आसपास गेले. संशय परदेशातून आणलेल्या झेब्र्यांवर होता. मालकांनी तबेल्यांना बारीक जाळ्या लावल्या, दक्षिण आफ्रिकेतून लस आली, आणि तीन वर्षांनी त्यांना आपला दर्जा परत मिळाला. तिथला पहिला मेलेला घोडा कुणीतरी ‘उष्माघातानं गेला’ म्हणून पुरून टाकला असता, तर?

काका: ते आफ्रिकेचं मले नका सांगू. जो रोग म्या जल्मात पाह्यला नाई, माह्या बापानं पाह्यला नाई, तो मी ओयखीन कसा?

डॉक्टर: ओळखायचा नाहीच तुम्ही. ते आमचं काम. तुम्ही फक्त एवढं ओळखायचं की हे नेहमीसारखं नाही. आणि ते तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. मी वर्षभरात गायी, म्हशी, शेळ्या किती पाहते याची मोजदाद नाही, घोडा क्वचित. तुम्ही हिच्याजवळ झोपता. सकाळी तोबरा अर्धा राहिला, कान पडले, एका नाकपुडीतनं जास्त आलं, हे तुम्हाला आधी कळतं. माझ्या पुस्तकाला नंतर.

काका: (जरा खूश होऊन) ते खरं हाय. पन तुमी बी कबूल करा, घोडा तुमच्या हाताखालून जास्त जात नाई.

डॉक्टर: केलं कबूल. म्हणून तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेतल्या लोकांना फोन करणार आहे. तिथं शिकवणारे आहेत, त्यांनाही बोलावू.

काका: अन् एक सांगा. सर्रा बी परदेशी रोग हाय काय? त्याच्यावर तं आमी इंजेक्शन मारतो अन् मोकये होतो.

डॉक्टर: सर्रा इथलाच. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकानं पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा जंतू पाहिला, म्हणून जंतूला त्याचंच नाव. गोमाश्यांनी पसरतो. पण गंमत पाहा, आपल्याकडं जो घरचा, तोच ऑस्ट्रेलियात बाहेरच्या रोगांच्या यादीत आहे. जखमेत अळ्या पाडणारी आपल्याकडची माशी, तिलासुद्धा ते लोक घाबरून असतात. एक जरी दिसली तरी चोवीस तास चालणाऱ्या एका फोनवर कळवतात.

काका: अळ्या पडल्या म्हनून फोन? आमच्याकडं तं अळ्याईले फिनाईल.

डॉक्टर: आपल्याकडं रोजचं आहे म्हणून. पण हीच सवय आपला घात करते. आपण सगळंच रोजचं समजतो.

(इथं एक आडवी आठवण. पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी अमेरिकेतून युरोपात जाणाऱ्या घोड्याखेचरांना ग्लँडर्सचा जंतू देण्याचा उद्योग केला होता. शत्रूला हत्यार म्हणून वापरावासा वाटला तो जंतू, आणि आपल्याकडं तो कुणीतरी फडक्यानं पुसून तेच फडकं खांद्यावर टाकतो.)

काका: मले एक पस्ट सांगा. मेडिकलवरून भारीतलं इंजेक्शन आनलं, धा दिवस मारलं, नाक सुकलं, तं?

डॉक्टर: नाक सुकेल कदाचित. रोग जाणार नाही. जनावर तरतरीत दिसेल आणि जंतू सांडत राहील. टोपल्यात, तोबऱ्यात, त्या सामायिक हौदात. म्हणूनच ग्लँडर्सवर उपचार करायचेच नाहीत असा नियम आहे. आणि दुसरी गोष्ट. तुमचा नातू कुठं आहे?

काका: काहून?

डॉक्टर: आता येताना पाहिला. घोडीच्या तोंडात गूळ देत होता. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला आणि ओळखला नाही तर जीव घेतो. २००० साली अमेरिकेत लष्कराच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाला झाला. घोड्याजवळ न जाता, नुसते जंतू हाताळून. जगातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात ओळखायला आठवडे लागले. तो वाचला. तुमचा नातू तापानं पडला तर पातूरच्या दवाखान्यात कुणाच्या मनात येईल ग्लँडर्स? मी सांगितलं तर येईल. तुम्ही मला सांगितलं तर मी सांगेन.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटतं, या संपूर्ण वादात काकांना हलवणारा मुद्दा हाच होता, आणि तो सरकारी पत्रकात सहसा शेवटून दुसऱ्या ओळीत असतो. पत्रक सुरू होतं ते कलमांपासून.

काका: हो म्हनलं तं मंग काय होते? खरं खरं सांगा. गोड नका सांगू.

डॉक्टर: रक्त मी आज घेईन. घोडी वेगळी. हिसारवरून ‘नाही’ आलं, तर कागद तुमच्या हातात देईन, तो बँडवाल्याला दाखवा, यात्रेतही दाखवा. ‘हो’ आलं, तर घोडी वेदना न देता मारावी लागेल. खोल खड्डा, चुना, तिचं अंथरूण, दोरखंड, तोबरा जाळायचा. आजूबाजूच्या सगळ्या घोड्यागाढवांचं रक्त तपासायचं.

काका: आजूबाजूच्या म्हंजे किती?

डॉक्टर: आधी पाच किलोमीटरचं बाधित क्षेत्र होतं आणि पंचवीसपर्यंत निगराणी. २०२५ मध्ये केंद्रानं ग्लँडर्सचा आराखडा बदलला. आता दोन किलोमीटर, आणि दहापर्यंत निगराणी.

काका: कमी काहून केलं?

डॉक्टर: मोठ्या वर्तुळात सगळ्यांचीच जनावरं अडकून पडतात.

काका: म्हंजे दिल्लीतल्या लोकाईले बी समजलं, का लय मोठं वर्तूळ काढलं का लोक लपवतात.

डॉक्टर: त्यांनी असं लिहिलेलं नाही.

काका: लिहीनच कायले?

डॉक्टरांना हसू आलं. काकांनी जे म्हटलं त्याची खातरजमा कुणी करू शकणार नाही, पण शासनाच्या प्रत्येक सुधारणेत असं एखादं न लिहिलेलं वाक्य असतंच. मेरठच्या लष्करी तबेल्यांचं क्षेत्र २०२५ च्या जुलैत पाच रोगांपासून मुक्त म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेनं मान्य केलं, तेही चांगलंच झालं. आता भारतीय घोडे परदेशी स्पर्धांना जाऊ शकतील. ती जनावरं कुंपणाआड, रोज तपासलेली, कागदावर चढलेली. पातूरच्या घोडीला कुंपण नाही. तिचं कुंपण म्हणजे तिचा मालक, आणि तो बोलला तरच ते उभं राहतं. म्हणून मला तरी काकांचा पक्ष अर्धा पटतो, पण जो अर्धा पटतो तो सरकारनं ऐकायला हवा: चार दिवसांत उत्तर, बुडालेल्या हंगामाची काहीतरी भरपाई, आणि पहिला फोन ओट्यावर न जाता थेट डॉक्टरकडं. दुसरा अर्धा, तो ‘सांगूच नये’ वाला, तो मला पटत नाही. नातवाच्या गुळामुळं तर नाहीच.

काका: एक अट हाय. ग्रामपंचायतीत नाई सांगनार मी.

डॉक्टर: नका सांगू. १९६२ वर लावा, तो पशुसंवर्धनाचा फोन आहे, फिरतं पथक येतं. नाहीतर थेट मला. पशुवैद्यकाला स्वतःला शंका आली तरी त्यानं वर कळवायचंच असतं, तोही कायदाच आहे. मी माझ्या तपासणीत आढळलं म्हणून जिल्ह्याला कळवीन. तुमच्या दारात गाडी येईल तेव्हा गाव पाहीलच, ते मी टाळू शकत नाही.

काका: गाडी गावाबाहेर लावा. मायाच्या मागं. घोडी मी तठी आनतो.

डॉक्टर: चालेल.

काका: अन् रिपोर्ट कवा येईन?

डॉक्टर: तारीख नाही देत. खोटी तारीख देऊन तुमचा विश्वास गमवायचा नाही मला. रोज फोन करीन.

काका: रोज?

डॉक्टर: रोज.

काकांनी लगाम खुंटीवरून काढला, तोबरा उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. मग आवाज उतरवून बोलले.

काका: ताई, अजून एक हाय. पन म्या सांगतलं म्हनून नाई सांगाचं.

डॉक्टर: सांगा.

काका: इटभट्टीवर गाढवं हायेत ना. खोकून रायले. दोन मेले संक्रांतीच्या आंधी.

डॉक्टर: मेले? पुरले का?

काका: नाल्याकडं फेकले.

डॉक्टर: काका, घोड्यात हा रोग महिनोन् महिने रेंगाळतो. गाढवात तो झपाट्यानं येतो आणि काही दिवसांत मारतो. तुमच्या घोडीआधी मला ती भट्टी पाहायची आहे. ती माणसं कधी हलणार आहेत?

काका: पुढच्या हप्त्यात. कुठं जातीन, नाई मालूम.

डॉक्टर: हे आल्या आल्या का नाही सांगितलं?

काका: तठच्या नाल्यावर माही घोडी पानी पेते ना. तुमी म्हनल्या असत्या, मंग तिले तठी नेलीच कायले.

डॉक्टर: मालकाचं नाव मला नको. भट्टी कुठली ते सांगा.

काका: नाव मी बी नाई सांगत. चला, गाडीवर बसा, लांबून दाखवतो. मी नाई उतरनार.